पिवळ्या चिंधीचं पान

मी शिडी बोलतेय. दचकू नका. पुस्तकांच्या दुकानात मोठ्याने बोलायची पद्धत नाही, म्हणून इतकी वर्षं मीही गप्प राहिले. पण काही गोष्टी पोटात राहत नाहीत.

एका सुताराने मला पाट्या रंगवणाऱ्या पेंटरसाठी बनवलं. रुंद पायऱ्या, भक्कम बांधा. माझं बालपण भिंतींना टेकून, अंगावर रंगाचे ओघळ झेलत उन्हात गेलं. माझ्या उजव्या पायावर निळ्या रंगाचे ठिपके अजून आहेत. माहेरचा तेवढाच दागिना उरलाय.

एके दिवशी पेंटर या दुकानाची पाटी रंगवायला आला. पाटी झाली, हात धुऊन झाले आणि तो सहज म्हणून आत शिरला. सहज म्हणून आत शिरणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्याने एक जुनं पुस्तक उघडलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागला. मी बाहेर तापत राहिले. शेवटी दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते म्हणाले, "घरी घेऊन जा हो. पैसे सावकाश द्या."

"उधारी मला जमत नाही," पेंटर म्हणाला. "शिडी ठेवून जातो. वाचून झालं की पुस्तक देतो आणि शिडी नेतो."

तो गेला तो गेलाच. पुस्तकापायी ओलीस राहिलेली दुसरी शिडी तुम्ही पाहिली असेल तर सांगा. आधी मला रागच आला. ज्या शिडीवर पोट चालतं ती विसरावी, असं त्या पुस्तकात होतं तरी काय? पुढे राग गेला, पण प्रश्न तसाच राहिला. कारण मला वाचता येत नाही.

दुकानात पुढे काचेजवळ नवी पुस्तकं असतात, मागे जुनी. मागची कपाटं थेट छताला भिडलेली. नव्या पुस्तकांकडे माणसं हात पुसून जातात. जुन्या पुस्तकांचं पहिलं पान आधी उघडतात आणि कुणाचं नाव लिहिलंय ते बघतात, जणू स्थळच आलंय. "फक्त बघतोय," असं सांगणारे तासन् तास बघतात. एक गृहस्थ तर आवडलेलं पुस्तक जाड पुस्तकांच्या मागे लपवून जातात, म्हणजे पुढच्या खेपेपर्यंत ते दुसरं कुणी नेऊ नये. त्यांच्यासारखे आणखी किती जण तेच करतात, ते फक्त मला माहीत आहे.

मला माणसं तळव्यांवरून कळतात. चढताना ती चुळबुळत असतात. एक पाय घाईत, एक पाय भीत भीत. मग एखादं पुस्तक हाताला लागतं, उघडतं, आणि वरची सगळी हालचाल थांबते. मी लाकूड आहे, स्थिर उभं राहणं हेच माझं काम. पण जिवंत माणूस इतका स्थिर होतो याचं मला पहिल्या दिवशी जेवढं नवल वाटलं, तेवढंच आजही वाटतं. हातात असतं काय, तर कागद आणि त्यावरच्या काळ्या खुणा. तेवढ्यावर माणूस माझ्या पायरीवर उभा असूनही तिथे नसतो. उतरताना त्याचं पाऊल बदललेलं असतं. याची मला थोडी भीतीही वाटते, खरं सांगायचं तर.

काकांची पुस्तकं लावायची रीत जगावेगळी होती. कथा, प्रवास, विज्ञान असले भाग त्यांना मान्य नव्हते. ज्या घरातून पुस्तकं आली, ते सगळं घर एका फळीवर. "इतकी वर्षं एकत्र नांदलेली मंडळी. त्यांची ताटातूट मी कशाला करू?" असं ते म्हणायचे. त्यामुळे गणिताच्या शेजारी गोष्टी आणि त्यांना खेटून कुत्रा कसा पाळावा. गिऱ्हाईक आधी वैतागायचं, मग त्यात रमायचं. फळीवरून नजर फिरवली की घर कळायचं, असं लोक म्हणत. इथे कुणीतरी बरीच वर्षं आजारी होतं. इथे कुणीतरी परक्या भाषा शिकायला घेत होतं आणि एकही शेवटास नेत नव्हतं.

पुढे काकांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि मदतीला त्यांची पुतणी आली. मुलगी कामाची, चटपटीत. तिने विषयवार फळ्या लावल्या, धूळ झटकली. जुन्या पुस्तकांच्या पोटात निघालेली तिकिटं, वाळकी पानं, पिसं, चिंध्या, सगळं काढून बिस्किटांच्या एका डब्यात टाकलं. खोटं कशाला बोलू, खप वाढला. आठवडाभरात दुकान ओळखू येईना. काका एवढंच म्हणाले, "बरं केलंस." मग बराच वेळ वरच्या फळ्यांकडे बघत बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक बाई आली. पायात मऊ पांढरे बूट, दिवसभर उभं राहून दमलेलं पाऊल. इस्पितळात नर्स होती. पुतणी तेव्हा माझ्यावरच उभी होती.

"एक पुस्तक हवंय," नर्स म्हणाली.

"नाव सांगा."

"नाव माहीत नाही."

"लेखक?"

"तेही नाही. त्यात एक चिंधी आहे. पिवळी, तिच्यावर तपकिरी ठिपके."

माझ्या पायरीवरचा पुतणीचा तळवा एकदम गार पडला.

नर्सने सगळं सांगितलं. तिची आई कपडे शिवायची. भाड्याच्या खोलीत, एकटीच. मध्यंतरी पडली, पाय मोडला, म्हणून नर्सने तिला आपल्या घरी नेलं. भावाने खोली रिकामी केली आणि पुस्तकं या दुकानात आणून दिली.

"आई वाचते हेच आम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "लहानपणी मशीनचा आवाज मधेच थांबायचा. आम्हाला वाटायचं, दोरा तुटला."

काका हातातलं काम टाकून ऐकत होते.

"पडली त्या दिवशी वाचतच होती. गोष्टीतली बाई दार उघडायला उठली, आणि नेमकी आईच्याही दारावर थाप पडली. आईने पुस्तकात चिंधी घातली, घाईने उठली आणि पाय घसरला. आता पाय बरा आहे. पण रोज जेवताना मला विचारते, दारात कोण असेल गं? मी म्हटलं, पोस्टमन असेल. तर म्हणाली, इतक्या रात्री पोस्टमन कशाला मरायला येईल?"

पुतणी हसली नाही.

"मी नवी पुस्तकं आणून दिली. हात लावत नाही. म्हणते, अर्धं शिवण टाकून मी आयुष्यात दुसरं कापड कापलं नाही, तसं हेही. मशीनवर बसत नाही, वाचत नाही, नुसती खिडकीत बसून असते. मला तिची ती बसण्याची पद्धत आवडत नाही हो. मी रोज अशी माणसं बघते."

पुतणी खाली उतरली. "ताई, चिंधी मीच काढली," ती म्हणाली. "मला वाटलं, कचरा आहे."

"शिलाईवाल्या बाईंचं घर," काका हळूच म्हणाले. "खिडकीकडची सगळ्यात वरची फळी. पुस्तकांना मशीनच्या तेलाचा वास यायचा." त्या फळीवर आता आरोग्याची पुस्तकं होती. बाईंची पुस्तकं दुकानभर पांगली होती. त्यातली काही विकलीही गेली असतील, हे तिघांच्याही मनात होतं.

डबा उघडला. तिकिटांच्या खाली चिंध्या निघाल्या, हिरवी, चौकटीची, निळ्या रेघांची. सगळ्यांच्या कडा दातेरी कात्रीने कापलेल्या. आणि तळाशी पिवळी. नर्स माझ्या खालच्या पायरीवर मटकन बसली. "हा माझा फ्रॉक," ती म्हणाली. "याचा खिसा मी पहिल्याच दिवशी फाडला होता." मग एकेक चिंधी हातात घेऊन ती सांगत गेली. हा भावाचा शर्ट. हा आमचा पडदा. डोळ्यांना पदर लावायची तिला सवय नसावी, ती मनगटानेच डोळे पुसत होती.

शोध सुरू झाला. नर्स ड्युटी संपली की यायची. काका खाली बसून पुस्तकं नाकाशी धरायचे आणि गिऱ्हाइकं त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेने बघायची. वासाने काही पुस्तकं सापडली, पण त्यांतल्या कुठल्या पानावर आई थांबली होती हे कसं कळणार? आणि दार उघडायला उठणाऱ्या बाया गोष्टींमध्ये किती असतात, याची मला तोवर कल्पना नव्हती. नर्सच्या पावलांतला जोर कमी होत चालला. एकदा तर ती उंबरठ्यावरूनच परत गेली.

दुसऱ्या दिवशी पुतणी माझ्यावर चढून कसलंसं पुस्तक चाळत होती. एकदम थांबली. पान उजेडाकडे तिरकं केलं. पिवळट कागदावर एक फिकट पट्टा होता, आणि त्याच्या कडेला बारीक बारीक दात. चिंधी वर्षानुवर्षं जिथे दबून राहिली होती, तिथे कागदाने तिचा आकार जपून ठेवला होता. चिंध्या पुतणी आता खिशातच ठेवायची. एकेक लावून बघत तिने हिरवी त्यावर ठेवली. दाताला दात बसला.

ती वरच उभी राहिली. मी स्वतः झाडाची आहे आणि कागदही झाडाचाच होतो, असं मी ऐकलंय. पण आपल्या गोतात कुणाची आठवण इतकी पक्की असेल, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्यानंतर पुतणी वास आणि नावं सोडून फक्त दात शोधू लागली. चौकटीच्या चिंधीचं पुस्तक मिळालं. निळ्या रेघांचं मिळालं. आणि एका संध्याकाळी, ती माझ्या सगळ्यात वरच्या पायरीवर असताना, मलपृष्ठ निघालेलं एक जाडजूड पुस्तक उघडलं. इथला पट्टा नवा, म्हणून जेमतेम दिसणारा होता, पण पिवळी चिंधी पानावर अशी बसली की जणू कालच काढली होती. पुतणीने पानाची शेवटची ओळ वाचून दाखवली. "तिने दिवा हातात घेतला आणि दार उघडायला ती उठली."

खाली काका उभे होते. नर्स उभी होती. पुतणीचं बोट पानाच्या कोपऱ्याशी गेलं.

"थांब," नर्स म्हणाली. "उलटू नकोस. आधी आई."

पुतणीने बोट काढून घेतलं. तीन माणसं, तिघांनाही वाचता येतं, उत्तर फक्त एका पानापलीकडे, आणि कुणीही पान उलटलं नाही. माणसांविषयी मला खूप काही माहीत आहे असा माझा समज होता. तो त्या संध्याकाळी गेला.

आई आली ती काठी टेकत. पुस्तकांच्या दुकानात ती पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती. तिची सगळी पुस्तकं शेजारणींनी दिलेली, नाहीतर रद्दीतून उचललेली. ती मधोमध उभी राहिली आणि मान हळूहळू वर करत तिने छतापर्यंत पाहिलं.

"एवढी?" ती म्हणाली. "आणि मला वाटायचं, माझ्याकडे पुष्कळ आहेत."

मग तिने जवळच्या फळीवरून हात फिरवला, कापडाचा पोत बघतात तसा.

तिला माझ्या तिसऱ्या पायरीवर बसवलं. वजन असं नव्हतंच. पुस्तक मांडीवर घेतलं, चष्मा चढवला आणि उजवं पाऊल खालच्या पायरीवर आपोआप हलायला लागलं. पुढे, मागे. मशीन चालवत होती. ते पान तिने पुन्हा वरपासून वाचलं. पाऊल चालू होतं. मग पान उलटल्याचा आवाज आला आणि पाऊल थांबलं.

नर्स पुढे वाकली.

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली.

"कोण होतं गं?" नर्सने विचारलं.

"असं मधूनच सांगितल्यावर काय कळणार तुला? पहिल्यापासून वाच." आणि ती पुढे वाचू लागली. पाऊल पुन्हा सुरू झालं.

शेवटपर्यंत वाचून झालं तेव्हा तिने पुस्तक काकांच्या हातात दिलं. "माझं झालं. पण हिने वाचल्याशिवाय विकू नका." नर्स सांगते की दुसऱ्याच दिवशी सकाळी घरात मशीनचा आवाज आला. मधेच थांबला. तिने आत जाऊन पाहिलं नाही.

पुतणीने खिडकीकडची वरची फळी रिकामी केली आणि सापडलेली पुस्तकं चिंध्यांसकट तिथे लावली. बाकी दुकान विषयवारच आहे. पण आता ती पुस्तकांच्या पोटातलं काही काढत नाही.

माझ्या वरच्या पायरीला आता तडा गेलाय. चाकांची नवी लोखंडी शिडी आली, तेव्हा पुतणीने विचारलं, हिचं काय करायचं? काका म्हणाले, "ती कुठे आपली आहे? पेंटर न्यायला आला म्हणजे?" म्हणून मी आहे. माझ्यावर कुणी चढत नाही, बसतात मात्र सगळे.

नर्सही बसते. ड्युटी संपवून येते, बूट काढते आणि ते जाडजूड पुस्तक पहिल्यापासून वाचते. काल तिने पिवळी चिंधी गाठली. पान उलटलं. आधी हसली, मग बराच वेळ एका जागी तशीच बसून राहिली. मला वाटलं, आता तरी बोलेल. पण ओठ मिटून पुढे वाचू लागली.

तेव्हा तुम्हाला एक विनंती आहे. कधी या दुकानावरून गेलात तर सहज म्हणून आत या. खिडकीकडच्या वरच्या फळीवर ते पुस्तक असेल. माझ्या तिसऱ्या पायरीवर निवांत बसा. माझ्यावर उभं राहून लोकांनी किती पुस्तकं वाचली याची गणती नाही, पण त्या दिव्याच्या ओळीखेरीज एकही ओळ माझ्यापर्यंत आली नाही. पहिल्यापासून वाचायची माझी तयारी आहे, मला घाई नाही. फक्त मोठ्याने वाचा. दारात कोण होतं, ते मलाही ऐकायचंय.