वाचवल्याबद्दल

पर्यावरणशास्त्रातल्या असाधारण कामगिरीचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा तळेबाईंच्या कपाळाला आठी पडली. माणसाने कधी तरी सरळ खूश व्हावं की नाही? पण बाईंचा स्वभावच तसा. फुकट मिळालेलं पेनसुद्धा त्या आधी रद्दी कागदावर ओढून बघत.

एकाच तळ्याच्या पाण्यात, चिखलात आणि बेडकांत आयुष्य घातलं म्हणून विद्यापीठात त्यांना 'तळेबाई' हे नाव पडलं होतं. त्या तळ्याच्या काठावर एका कंपनीला हॉटेलं बांधायची होती. सोमवारी न्यायालयात सुनावणी होती आणि तळ्याच्या बाजूने बाईंचा अहवाल सादर व्हायचा होता. पुरस्काराचा खर्च उचलत होती तीच कंपनी. आता बोला.

"यात काही तरी काळंबेरं आहे," बाई म्हणाल्या.

"दर वेळी पाणी सूक्ष्मदर्शकाखालीच धरायचं का?" नवरा म्हणाला. "कधी तरी पिऊन टाक की."

नवऱ्याचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. निवृत्त झाला तरी फालतू शब्द दिसला की त्याचे हात शिवशिवत. बाई हाताने लिहीत, तो टाइप करता करताच तपासून टाकी आणि मूळ कागद रद्दीत जात. समारंभासाठी त्याने नवे बूट आणले होते आणि आठवडाभर घरात घालून तो ते सैल करत होता.

समारंभाच्या दिवशी दुपारी बाई सभागृहात आगाऊच जाऊन थडकल्या. मंचावरच्या टेबलावर मानचिन्ह ठेवलं होतं आणि कंपनीचा वकील मोबाइलवर त्याचे जवळून फोटो काढत होता. बाईंना पाहून तो जरा जास्तच गोड हसला. तो बाजूला झाल्यावर बाईंनी वाचलं: 'तळे वाचवल्याबद्दल'.

वाचवल्याबद्दल म्हणजे तळं वाचलं, काम झालं, प्रश्न मिटला. सोमवारी वकील हाच फोटो पुढे करणार आणि म्हणणार, बाईंनी स्वतः बक्षीस घेतलंय, मग आता आणखी काय वाचवायचं राहिलं?

निवड समितीचे अध्यक्ष होते बाईंचे गुरू, सर. ते मंचामागच्या खोलीत चहा पीत बसले होते. बाईंनी दार लावून घेतलं.

"सर, तो मजकूर कुणी लिहिला?"

"मी. 'तळे वाचवण्यासाठी केलेल्या प्रयत्नांबद्दल' असं लिहिलं होतं."

"मग प्रयत्न कुठे गेले? कंपनीने काढले?"

सरांनी कप खाली ठेवला. "मजकूर तपासायला तुझ्या घरी पाठवला होता. तिथूनच असा आला. खरं सांगू? मला वाटलं, तुझंच त्यांच्याशी काही ठरलं असेल."

बाईंना ते फार लागलं. पण सरांच्या जागी त्या असत्या, तर त्यांनाही तेच वाटलं असतं.

घरी नवरा कोट चढवून आरशासमोर उभा होता.

"मानचिन्हावरचे प्रयत्न तू काढलेस?"

"काढले," तो खुशीत म्हणाला. "केवढं लांबण होतं ते. शिवाय प्रयत्न म्हटलं की नापास झालेल्याची समजूत काढल्यासारखं वाटतं. तू काय नापास झालीस?"

आता याच्यावर रागवायचं तरी कसं? बाईंना त्याची माया आली आणि त्याच वेळी मनात दुसरीच पाल चुकचुकली.

"सोमवारचा अहवालही तूच टाइप केलास ना? त्यातलं काय काढलंस?"

"फार काही नाही. तुझे ते 'कदाचित' आणि 'बहुधा'. पानापानावर. वाचणाऱ्याला वाटावं, हिलाच खात्री नाही."

"नाहीच आहे रे," बाई म्हणाल्या. "जिथे खात्री नाही, तिथेच मी तो शब्द घालते."

साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईंनी नवऱ्याच्या हातून आलेलं पान कधी परत वाचून पाहिलं नव्हतं. वकिलाला एक वाक्य जरी पुराव्यापेक्षा मोठं सापडलं, तरी तो सगळा अहवाल निकालात काढणार होता आणि त्याबरोबर तळंही. मग आधीच्या इतक्या वर्षांच्या लिखाणाचं काय? ते विचारायचा बाईंना धीर होईना.

फोन वाजला. पाहुणे आले होते, सर बोलावत होते.

"पुरस्कार राहू द्या, सर," बाई म्हणाल्या. "तळं अजून वाचलेलं नाही."

नवऱ्याने बूट काढले आणि अहवाल टेबलावर आणला. दोघं शेजारी शेजारी बसली. पहिल्याच पानावर बाईंचं बोट थांबलं: 'काठावर बांधकाम झाल्यास बेडकांची ही जात नष्ट होईल.'

"इथे होता का कदाचित?"

त्याने वाक्य दोनदा वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "आठवत नाही गं. आता तर हे खरंच वाटतंय."

बाईंनी वाचलं. त्यांनाही ते खरंच वाटलं.