दोन परवानग्या

किल्लेदाराकडे रूट मागायला गेलेला माणूस हात हलवत परत येतो, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. रूट म्हणजे सर्व्हरचे सारे अधिकार, आणि ते त्याच्या मुठीत, म्हणून तर हे नाव पडलेलं.

तिने रूट मागितलंच नव्हतं. जहाजांवरचे फोन ज्या सर्व्हरवरून जात, त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या पार गाभ्यात, तिला एक छोटा प्रोग्रॅम चढवायचा होता. गर्दी झाली की आवाजाला आधी वाट द्यायची, बाकीच्यांनी थांबायचं, एवढंच त्याचं काम. प्रोग्रॅम चढवायची परवानगी तिने मागितली, ती मिळालीही. पण कर्नल काही केल्या तो आत घेईना.

तिचा जीव टांगणीला लागला. त्यातल्याच एका जहाजावर तिचा नवरा इंजिन सांभाळत होता. लग्नानंतरचं निम्मं बोलणं "हॅलो, येतंय का ऐकू?" यातच गेलेलं. त्याचं एक अख्खं वाक्य कानावर पडावं म्हणून ती आसुसली होती. त्याचा करार संपत आला होता. वाढवू का, असं त्याने विचारलं तेव्हा "तुझं तू ठरव" म्हणून ती मोकळी झाली होती. तुटक्या लाइनवर मनातलं बोलणार तरी कसं!

शेवटी नाक मुठीत धरून ती किल्लेदारासमोर उभी राहिली.

"अगं, नेटवर्कचा प्रोग्रॅम ना हा? मग चढवायच्या परवानगीबरोबर नेटवर्कचीही लागते. दोन्ही!" तो हसला. "बाकीचे येतात ते अख्खं राज्य मागतात, आणि तू निम्मं मागून गप्प बसतेस. हवं तेवढंच मागावं, पण पुरतं मागावं."

दुपारी प्रोग्रॅम बिनबोभाट चढला. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. त्याचा खोकला, मागची घरघर, अगदी श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"जेवलीस?"

"ते राहू दे. करार वाढवू नकोस. घरी ये. मला तू इथे हवायस."

तो बराच वेळ गप्प राहिला. एरवी तिने लाइनच्या नावाने बोटं मोडली असती.

"कालच कंपनीला हो म्हटलं गं मी," तो म्हणाला. "तू कधी 'ये' म्हणालीच नाहीस."

एकही शब्द तुटला नव्हता.