डोळ्याच्या वर की खाली

पंचफुलाने घागर खाली ठेवली आणि ती गुडघ्यांवर बसली. जळक्या बुंध्याला अगदी लागून, मातीतून दोन कोंब वर आले होते. काल नव्हते. तिने वाकून नाक जवळजवळ जमिनीला टेकवलं. पानं कसली, उंदराच्या कानाएवढी. पण हिरवी होती, जिवंत होती. ती उठली, घागर तिथेच विसरली आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पदराचं भान न ठेवता, वावरातून पळत सुटली.

वावरातल्या गुरांच्या कोठ्याच्या दारात तिचे सासरे पुंजाजी बाजेवर बसून बशीतला चहा फुंकत होते.

"मामाजी, फुटलं. आपलं संत्र फुटलं."

बशी हातातच राहिली. म्हाताऱ्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच सावध झाला.

"कोठून फुटलं? डोळ्याच्या वर का खाली?"

पंचफुलाची धाव इथे थांबली. हे तिने पाहिलंच नव्हतं.

संत्र्याचं झाड म्हणजे खरं तर दोन झाडं. मुळं आणि खालचं वीतभर खोड जंबेरीचं, म्हणजे एका काटेरी, आंबटढाण लिंबाचं. त्याच्या सालीत खाच पाडून संत्र्याची एक कळी बांधतात, तिला डोळा म्हणतात. डोळ्याच्या वरून फूट आली तर संत्रं परत आलं. खालून आली तर ती नुसती जंबेरी, आणि तशी फूट दिसली की बागवाला अंगठ्याने मोडून पुढे जातो. विचारसुद्धा करत नाही.

मार्चच्या शेवटी शेजारच्या वावरात कोणी काडीकचरा पेटवला, वारा फिरला आणि विहिरीजवळचं हे झाड उभंच्या उभं जळालं. पंचफुलाने हाताला येईल ती ओली माती धुमसत्या बुंध्यावर थापली. आग विझली, पण डोळ्याची जागाही त्या मातीखाली गेली. तेव्हापासून ती रोज सकाळी एक घागर तिथे ओतत होती. "माय मेलेल्याले पानी पाजून राह्यली," असं तिचा मुलगा गणेश हसत सगळ्यांना सांगायचा. आज अकरा वाजता शेततळं खोदायला जेसीबी येणार होता आणि त्यातच हा बुंधाही निघणार होता.

बाकीची बाग कधीच वाळून गेली होती. उरलं होतं ते हे एक. पुंजाजींनी तरुणपणी स्वतःच्या हाताने बांधलेलं. साल सैल, फोड भरदार आणि गोडी अशी की पाहुणे दुसरं संत्रं मागताना लाजत नसत. कारंज्याचे पन्हेरीवाले, रोपांचा धंदा करणारे, डोळ्यासाठी काडी मागायला तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा पुंजाजींनी त्यांना चहा पाजला आणि रिकाम्या हाताने वाटेला लावलं. या झाडाची काडी घराबाहेर जाणार नाही, हा त्यांचा कायदाच होता आणि घरात त्यावर कोणी तोंड उघडत नसे.

पुंजाजी काठी टेकत विहिरीपाशी आले. मागून गणेशही आला, कानाला फोन लावून. सासरा आणि सून समोरासमोर बसले आणि बोटांनी माती उकरू लागले. पोरींच्या बाळंतपणाच्या वेळीसुद्धा पंचफुला इतकी कासावीस झाली नव्हती.

कोंब मातीत खोल गेले होते. एक वीत खाली, अगदी मुळांजवळ. त्यांच्या वर, सालीवर, डोळ्याची जुनी गाठ दिसली. ती कोळसा झाली होती.

पुंजाजींनी तरीही एक पान खुडलं, चुरगाळलं, हुंगलं आणि सुनेच्या हातावर ठेवलं. लिंबाचा उग्र वास आला.

"जंबेरी," ते म्हणाले.

"आबाजी, जेसीबी फाट्यावर आला," गणेश हळूच म्हणाला. "काढून टाकू मंग?"

पुंजाजींचा अंगठा सवयीने कोंबाकडे गेला. तेवढ्यात पंचफुलाने त्यांचं मनगट धरलं. या घरात आल्यापासून तिने सासऱ्याचा हात असा कधी धरला नव्हता.

"मोडू नोका. मूळ जितं हाये म्हणून त हे फुटलं. दिवाळीनंतर हे पेन्सिलीएवढं जाड होते. त्याच्यावर डोळा बांधता येते."

"बांधता येते. पन डोळा आनते कोठून? झाडच जळलं न बाई."

पंचफुलाने मनगट सोडलं. एकदा गणेशकडे पाहिलं, मग खाली मातीकडे.

"मानोऱ्याहून," ती म्हणाली. "आपल्या वैभवीच्या सासरी, आंगनात हाये. तिच्या लग्नात मीच काड्या देल्ल्या. वल्ल्या फडक्यात गुंडाळून, पेटीत लुगड्याच्या खाली."

लेकीच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. पाच वर्षांनी तिचं झाड फळाला आलं, तेव्हापासून तिच्याकडून दर पौषात एक थैली यायची आणि मानोऱ्याच्या बाजारातली संत्री म्हणून पंचफुला ती सासऱ्यापुढे ठेवायची. आता म्हातारा काठी आपटेल, म्हणून ती मान खाली घालून वाट पाहत राहिली.

"बाजारातलं संत्र इतकं गोड असते काय?" पुंजाजी म्हणाले.

तिने वर पाहिलं.

"सात वर्षं झाले, खाऊन राह्यलो. मायंच संत्र मले वळखू येनार नाई?"

"मंग बोलले कायले नाई?"

"बोललो असतो त तू थैली आननं बंद केलं असतं."

गणेशला हसू आवरेना. पंचफुलाला हसूही आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदमच. पुंजाजींनी अंगठा मागे घेतला आणि उकरलेली माती मुठीमुठीने परत कोंबांभोवती सारली.

"तळं तिकडं सरकव," ते नातवाला म्हणाले. "आन् वैभवीले फोन लाव."

फोन लागला. पुंजाजींनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला, घसा खाकरला. त्यांनी आजवर कोणाकडे काही मागितल्याचं पंचफुलाला आठवत नव्हतं.

"बाई, दिवाळीनंतर तुया झाडाच्या दोन काड्या देशीन का मले?"

"कोनतं झाड, आबाजी?" पलीकडून वैभवीने जपून विचारलं.

"आता लपवू नोको," पुंजाजी म्हणाले. "तुयी माय इथंच बसून हाये."