बिनकागदाची खोली

चौकीतल्या साहेबानं केराबाईला खोटं सांगितलं. चुकून नव्हे, कायदा ठाऊक असताना. "करारनामा नाही ना? मग तुम्ही भाडेकरूच नाही," म्हणाला आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

करारनामा नव्हता, हे खरं. चार वर्षांपूर्वी केराबाईचं बिऱ्हाड मंगळवेढ्याकडून सोलापुरात आलं, तेव्हा गावच्याच बिभीषणनं मागची खोली दिली. दोघांनी बिरोबाचा भंडारा उचलून शब्द दिला-घेतला. त्यावर कागद मागायचा म्हणजे देवाचीच झडती घेतल्यासारखं. तिनं मागितला नाही. त्यानं मुद्दाम केला नाही.

आता त्याला त्या खोलीत कॉलेजची पोरं ठेवायची होती, दर कॉटमागं वेगळं भाडं घेऊन. केराबाईची पायल दहावीला. परीक्षेच्या तोंडावर केराबाई हलेना. मग बिभीषणनं तिच्या नळाच्या व्हॉल्व्हवर कुलूप घातलं. इथं पाणी पाचव्या दिवशी येतं. एक दिवस हुकला की दहा दिवस कोरडे.

"भावजी, पाणी सोडा की."

"वैनी, गावाकडं हिरीला लई पाणी हाय म्हनं!"

म्हणून ती चौकीत गेली होती. तिथून निघाली ती कोर्टासमोर टायपिंग करणाऱ्या रुपालीकडं.

"करार लिहून नोंदवायची जबाबदारी मालकाची, मावशी," रुपाली म्हणाली. "त्यानं नोंदवला नाही, तर भाडेकरू म्हणंल ते खरं धरायचं, मालक उलटं सिद्ध करीपर्यंत. भाडे नियंत्रण कायदा, कलम पंचावन्न. आणि पाणी तोडणं गुन्हा. कलम एकोणतीस."

"सायबाला म्हाईत नसंल."

रुपाली हसली. "त्यो सोता भाड्यानं ऱ्हातो. त्याच्या मालकानं पाणी तोडलं, तवा हीच कलमं घालून त्याचा अर्ज मीच टाईप केला. गेल्या महिन्यात."

केराबाईनं तसाच अर्ज करून घेतला आणि साहेबाच्या टेबलावर ठेवला. त्यानं वरवर वाचला, परत सरकवला.

"हा दिवाणी मामला आहे बाई. कोर्टात जा."

"तुमच्या नळाला कंचं कलम लावलं वो, सायेब?"

शेजारचा हवालदार खोकला. साहेबानं मान वर केली.

"कुणी सांगितलं?"

"त्ये सोडा." तिनं अर्ज पुन्हा पुढं केला, वर पेन ठेवला. "घ्या, न्हायतर का घेत न्हाय त्ये हितं लिवा आन् सही करा. तुमाला येक कायदा आन् मला दुसरा, ह्ये कुटं लिवलंय? सांगा की."