खंडेनवमीला न पुजलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कन्नड मुलखातल्या सप्तापूरच्या एका कॉलेजात जिन्याखाली माझा मुक्काम असतो. १९९६ साली मी आलो, तेव्हा माझा थाट काय वर्णावा! थंडगार खोली, अंगावर कापडी झाकण, आणि माझ्याजवळ यायचे तर मुलांना चपला बाहेर काढाव्या लागत. पुढे हॉलमध्ये वेगवान संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली.

मला पुन्हा विचारले ते दीपश्रीताईने. ती जिल्ह्यातल्या गावोगावच्या पावसावर प्रबंध लिहीत होती. जुन्या नोंदींचा नुसता डोंगर! कुठे इंच, कुठे मिलिमीटर, काही कन्नडमध्ये, काही इंग्रजीत. त्या एका साच्यात आणणे एकट्यादुकट्या संगणकाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून तिने आम्हा सर्वांना तारांनी जोडले आणि गावे वाटून दिली. अशा जोडणीला ग्रिड म्हणतात. मी धापा टाकणारा, मला हिशेब कुठले झेपायला? प्रत्येकाचे तयार झालेले काम माझ्याकडेही जपून ठेवायचे, एवढेच तिने मला सांगितले. मी हरखून गेलो.

दसरा झाला की प्रबंध द्यायचा होता. खंडेनवमीला ताई मळमड्डीला आपल्या घरी होती. इकडे शिपाई शेषगिरीअण्णांनी हॉलमधल्या संगणकांना हळदकुंकू लावले, झेंडू वाहिला. पूजेच्या दिवशी यंत्राला राबवायचे नाही, ही आपल्याकडची रीत. त्यांनी भक्तिभावाने हॉलचे मुख्य बटण ओढले. माझे बटण वेगळे होते. मला ना फूल मिळाले, ना कुंकवाचे बोट. खोटे कशाला सांगू, फार वाईट वाटले.

सुटी संपवून ताई आली, तर चालू कामे मधेच तुटलेली. जिथे सारे एकत्र होत होते, त्या मुख्य संगणकाची डिस्क तर उघडेचना. तिने समोर बसून तो पुन्हा पुन्हा चालू करून पाहिला.

"काय झालं हो अक्का? मी पूजाच केलो की!" अण्णांचा चेहरा उतरला.

"सगळं गेलं, अण्णा. वर्षभराचं काम." मग ती एकदम उठली. "जिन्याखालचा पण बंद केलात काय?"

"तो? तो भंगारात जाणार म्हणून त्याला हातच लावलो नाही बघा."

ताई धावत आली. माझा हिरवा दिवा लुकलुकत होता. एकेक गाव तिला परत देताना माझा जीव मेटाकुटीला आला, पण मी एकही गाव हरवू दिले नव्हते. ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

अण्णा कुंकवाची वाटी घेऊन आले. रीतीप्रमाणे त्यांचा हात आधी बटणाकडे गेला. मग तो मागे घेऊन ते माझ्याशेजारी पायरीवर बसून राहिले. शेवटचे गाव पोचले, ताईने मान हलवली, तेव्हा त्यांनी मला हलक्या हाताने बंद केले आणि कुंकू टेकवले.

"चुकलो बाबा. आता विश्रांती घे."

मित्रांनो, जुने यंत्र खुशाल बाजूला ठेवा, आम्हीही थकतो. फक्त भंगारात देण्याआधी, त्याच्यापाशी कुणी काय विश्वासाने ठेवले आहे, तेवढे एकदा पाहा.