बारावा शर्ट

"मिस अर्नी, तुमची नात केवढी आहे?"

मी मक्याचा पाव कापत होते. हेडमास्तर हॅडनसाहेब स्वतःहून शाळेच्या स्वयंपाकघरात आले, असं नऊ वर्षांत पहिल्यांदाच घडलं.

"आठ वर्षांची. का हो?"

"उद्या घेऊन या तिला. माहितीपत्रकाचे फोटो काढायचेत. अनुदान मिळवायचं तर त्यात सगळ्या तऱ्हेची मुलं दिसायला हवीत म्हणे."

सगळ्या तऱ्हेची! ब्रॅकस्टन अकॅडमीत तीनशे दहा मुलं, एकजात गोरी. काळे आम्ही चौघंच, मी, दोन झाडूवाल्या आणि गवत कापणारा ओटिस. रस्त्यापलीकडच्या सरकारी शाळेत सहाशे मुलं, त्यांत गोरी तीन. मिसिसिपीतल्या आमच्या या गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. मी पहिलीत असताना, सत्तर साली, काळी-गोरी मुलं एकत्र बसवा म्हणून कोर्टाचा हुकूम आला. गोऱ्यांनी त्याच महिन्यात ही अकॅडमी काढली आणि जाताना सरकारी शाळेतला पियानोसुद्धा उचलून आणला. तो अजून आमच्या जेवणघरात आहे. त्याच्यावरची धूळ मीच पुसते.

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या नातीच्या, केझायाच्या वर्गाला दोन वर्षं विज्ञानाला मास्तर नाही आणि पोरगी प्रश्न विचारून माझं डोकं खाते. मला वाटलं, एकदा बघतील तिला, बोलतील तिच्याशी. कोण जाणे, घेतीलही.

ऑफिसातल्या कपाटात अकॅडमीचे बारा जादा शर्ट टांगलेले असतात. कुणी अंगावर रस्सा सांडला की त्यातला एक द्यायचा. दुपारी मी तो धुऊन, इस्त्री करून परत टांगते. त्यातलाच एक ऑफिस सांभाळणाऱ्या कॅरल बाईंनी केझायाला घातला. फोटोवाल्याने तिला पहिल्या बाकावर, सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. शेजारची सोनेरी केसांची मुलगी तिला म्हणाली, "उद्या ये हं, आमचा ससा दाखवते."

झालं. घरी येऊन केझायाने अंगातला तो शर्ट न काढताच दप्तर भरलं.

"अगं, फोटोपुरतं होतं ते."

"पण ती ये म्हणाली ना आज्जी. शर्ट पण दिलाय."

दोन दिवस तिने माझा पिच्छा सोडला नाही. तिसऱ्या दिवशी मी एप्रन काढून हॅडनसाहेबांच्या खोलीत गेले. नोकरांच्या मुलांना इथे फी अर्धी आहे, उरलेली मी भरीन, म्हटलं.

साहेबांचा चेहरा एकदम मायाळू झाला. त्या चेहऱ्याची मला अजून किळस येते.

"मिस अर्नी, तुम्ही तर आमच्या घरच्याच. पण पोरीचा विचार करा. तिच्यासारखं दुसरं कुणीच नाही इथे. एकटी पडेल हो ती."

"आणि फोटोत? तिथे नाही पडली एकटी?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. "आज मासे आहेत ना जेवायला?" म्हणाले.

होते. तीनशे दहा मुलांचे मासे मी त्या दिवशीही तळले. ज्या हातचं त्यांना पोटात चालतं, त्या हाताला धरून येणारी पोर बाकावर चालत नाही. मला त्यांची शिसारी आली, आणि कढईसमोर उभ्या राहिलेल्या माझी त्याहून जास्त.

संध्याकाळी घरी शर्ट धुतला. केझाया शेजारी उभी राहून कॉलर नीट कर, बाही नीट कर म्हणत होती. तिला सोबत घेऊनच सकाळी तो ऑफिसात नेऊन दिला.

कॅरल बाईंनी हात पुढे केला नाही. "राहू द्या, मिस अर्नी. तुमच्याकडेच ठेवा तो."

"कपाटातला आहे. बारावा."

"माहीत आहे. पण आता… ठेवा तुम्ही."

मागचं कपाट उघडं होतं. अकरा शर्ट आणि एक रिकामा हँगर. आजवर कितीतरी पोरांनी घातलेले, रश्श्याचे, रक्ताचे, ओकारीचे शर्ट मी धुऊन तिथे टांगलेत. एकही कधी कुणी नाकारला नव्हता.

बाहेर पडलो. रस्ता ओलांडून सरकारी शाळेच्या फाटकाशी पोचलो. तिथे थांबून केझायाने माझ्या हातातला शर्ट उलगडला, उजेडात धरला आणि दोन्ही बाजूंनी नीट पाहिला.

"आज्जी," तिने विचारलं, "डाग राहिला होता का गं कुठे?"