दहा मॅडमचे, दोनशे बाबांचे

तुम्ही दिल्लीला कसे आलात, असं कुणी विचारलं की वाल्मीक आधी "रेल्वेनं" म्हणायचा, स्वतःच्याच विनोदावर हसून घ्यायचा आणि मग खरं सांगायचा. खरं म्हणजे तो बॅटीनं आला होता. अमरावतीच्या मुरमाड मैदानावर सॉफ्टबॉल खेळत खेळत विद्यापीठाच्या संघात शिरला, तिथून खेळाडूंच्या कोट्यातून केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून म्हणून लागला, आणि आता बावीस वर्षांनी मयूर विहारमधल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर बायको आणि मुलीसोबत राहत होता. घराण्यातला पहिला सरकारी नोकर. देवाधर्माची गोष्ट निघाली तर समोरच्याला दहा प्रश्न विचारून भंडावून सोडणारा हा माणूस. पण आपल्या बॅटीला मात्र त्यानं जन्मात एकही प्रश्न विचारला नव्हता.

त्याचा मार एकच. बॅट खांद्यावरून तिरपी खाली आणायची आणि बॉलच्या डोक्यात हाणायची. बॉल जमिनीवर आपटतो, मुरमावरून टणकन उसळतो, आणि समोरचा खेळाडू तो धरायला हात वर करेपर्यंत आपण पहिल्या बेसवर पोचलेलो असतो. त्याचे श्रीरंग सर मैदानावर ओरडायचे, "हवेतला बॉल म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात आयता घास! जमिनीवर ठेवा रे, जमीन आपली आहे!" या मारानं वाल्मीकला भाकर दिली होती. भाकर देणाऱ्याला नावं ठेवू नयेत हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्याची मुलगी समता सोळा वर्षांची. तीही सॉफ्टबॉल खेळायची, आणि बापापेक्षा बरी खेळायची, हे बापही मान्य करायचा. डिसेंबरात सतरा वर्षांखालच्या मुलींच्या दिल्ली संघाची निवड होती. पुढच्या वर्षी वय उलटणार, म्हणजे ही शेवटची संधी. शाळेच्या मैदानावर तिला शिकवणाऱ्या शालिनी मॅडमनी सप्टेंबरच्या अखेरीला तिचा स्विंग सगळा उसवून नव्यानं शिवायला घेतला होता. बॅट बॉलच्या उंचीला आणायची, कंबर आधी फिरवायची, हात मागून येऊ द्यायचे आणि शेवट वरच्या अंगाला करायचा. सहा आठवड्यांत समताचे बॉल पुढच्या मुलींच्या डोक्यांवरून सुसाट जाऊन मागच्या मोकळ्या जागेत पडायला लागले. मॅडम कधी कुणाची स्तुती करत नसत. त्यांनी एकदा नुसतं "हूं" केलं होतं, आणि समता ते "हूं" आठवडाभर घरात मिरवत होती.

मग नोव्हेंबर अर्धा सरला आणि दिल्लीची हवा दरवर्षीप्रमाणे खराब झाली. मैदानं बंद, शाळेतले खेळ बंद. मॅडमचा निरोप आला: घरी टीवर पन्नास मार मारायचे, त्याहून जास्त नाही. रोज दहा मारांचा व्हिडिओ पाठवायचा. "अभी कच्चा है, कुछ बदलना मत," असं शेवटी मुद्दाम सांगितलेलं.

टी म्हणजे बॉल ठेवायची खुंटी. वाल्मीकनं ती हौसेनं घरी बनवली. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरली, त्यात पाइप उभा केला आणि वरच्या टोकाला जुन्या कूलरच्या नळीचा तुकडा बसवला. सोसायटीच्या तळघरात, पार्किंगच्या कोपऱ्यात दोन खांबांना दोरी बांधून चादर टांगली. मॅडमच्या सांगण्यावरून चादरीवर छातीच्या उंचीला टेपची एक पट्टी लावली. प्रत्येक बॉल त्या पट्टीच्या वर लागला पाहिजे.

पहिले तीन दिवस त्यानं नुसते बॉल उचलून दिले. चौथ्या दिवशी त्याला राहवेना. पट्टीच्या वर धप्पकन आदळणारा प्रत्येक बॉल त्याला झेल दिसायला लागला. हा गेला. हाही गेला. पोरगी बाद होत होती आणि बाप बॉल गोळा करत होता.

"एकदा माझा मारून बघ," तो म्हणाला.

"मॅडमनी चेंज करायचं नाही म्हणून सांगितलंय, बाबा."

"चेंज कुठे करतोय? मॅडमचे मार ना. दहा मॅडमचे, त्याचा व्हिडिओ काढू. मग थोडे आपले."

त्यानं पाइप चार बोटं कापला. टी खाली आली. समतानं बॅट खांद्यावरून खाली आणली, बॉल फरशीवर आपटून चादरीच्या पायाशी गेला, आणि वाल्मीकला अमरावतीचं मैदान दिसलं. "अस्सं!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या गाडीचा अलार्म वाजायला लागला.

थोडे म्हणता म्हणता दोनशे झाले. दहा मॅडमचे, दोनशे बाबांचे. दहांसाठी डब्याखाली दोन विटा सरकवून टी वर घ्यायची आणि व्हिडिओ संपला की विटा काढायच्या. मॅडमकडून रोज अंगठा यायचा, एकदा तर "बढ़िया" आलं. वाल्मीकला त्यात फसवणूक वाटली नाही. दहा मार खरेच होते ना? बाकीचे कुणी विचारले नव्हते, म्हणून सांगितले नव्हते. सरकारी कचेरीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हा फरक चांगला कळतो.

अलका, त्याची बायको, हे सगळं बघत होती. एकदा जेवताना ती म्हणाली, "साहेबानं शेरा मारलेली फाइल तुम्ही घरी आणून खोडता का? मग मॅडमनी शिकवलेलं कशाला खोडताय?"

"तुला खेळातलं काय कळतंय?"

"खेळातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं."

वाल्मीकनं वरणाची वाटी पुढे केली. हा विषय तिथेच बुडाला.

त्यानं आपल्या काळचे सगळे सराव बाहेर काढले. भिंतीपासून बॅटभर अंतरावर उभं राहून बॅट फिरवायची. कोपर अंगाला नसेल तर बॅट भिंतीला घासते आणि हाताला झिणझिण्या येतात. मोज्यांचे गोळे करून तो बाजूला गुडघ्यांवर बसायचा, एकेक गोळा हलकेच वर टाकायचा, आणि समतानं तो फरशीवर आपटायचा. ओल्या टॉवेलला गाठ मारून तो बॅटीसारखा खांद्यावरून खाली झटकायचा, शंभर वेळा. तिच्या तळव्याला फोड आले. फुटले. त्यावर पट्टी बांधून ती पुन्हा उभी राहिली.

आणि खरं सांगायचं तर समता सुखात होती. आजवर बाप संध्याकाळी घरी यायचा तो बातम्यांसमोर बसायला. आता तो ऑफिसातून तडक तळघरात यायचा, फॉर्मल पँटीचे गुडघे मळवून घ्यायचा आणि मोजे फेकता फेकता गोष्टी सांगायचा. आपली आजी मैदानाबाहेर भाकरी घेऊन कशी उभी राहायची, हे समताला सोळा वर्षांत पहिल्यांदा कळलं. असा बाप मिळत असेल तर कुठली पोर म्हणेल, बाबा, हा मार चुकीचा आहे?

एकदाच तिनं विचारलं, "ट्रायलला कोणता मारू?"

"जो येईल तो," वाल्मीक म्हणाला.

हे उत्तर ऐकायला किती उदार! एक गोष्ट दोनशे वेळा केली आणि दुसरी दहा वेळा, तर ऐन वेळी कुठली येईल हे शेंबडं पोरही सांगेल. वाल्मीकलाही ठाऊक होतं. म्हणून तर तो इतका निवांत होता. सतरा दिवस हे चाललं आणि मार पोरीच्या चांगला अंगवळणी पडला.

निवडीच्या दिवशी सकाळी आठला ते दोघं मेट्रोनं मैदानावर पोचले. रविवार होता; हवा जरा निवळून मैदानं आदल्याच दिवशी उघडली होती. थंडी होती, धुकं नुकतं उठत होतं. तारेच्या कुंपणाबाहेर आईबाप थर्मास घेऊन उभे होते. आत मुली आळीपाळीनं बॅट घेत होत्या, प्रत्येकीला दहा बॉल, आणि टेबलामागे बसलेली तीन माणसं कागदावर लिहीत होती. कोचना बाजूला उभं राहायची परवानगी होती. शालिनी मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या.

समताचा नंबर आला. पहिल्या बॉलला ती मॅडमच्या पद्धतीनं उभी राहिली, पण खांदा आधीच खाली निघाला आणि बॅट अध्येमध्ये कुठेतरी फिरली. बॉल मागे गेला. दुसरा तसाच. तिसऱ्याला तिनं विचार सोडून दिला, आणि जो येणार होता तो मार आला. सुरेख आला. वाल्मीकच्या तोंडून "अस्सं" निघालंसुद्धा.

बॉल जमिनीवर आपटला आणि तिथेच बसला.

दंवानं भिजलेलं, दाट, मऊ गवत होतं ते. बॉल उसळला नाहीच. दोन हात घरंगळला, आणि बॉल टाकणाऱ्या मुलीनं चार पावलं पुढे येऊन, घाई न करता, फरशीवर पडलेला रुमाल उचलावा तसा तो उचलला. चौथा तसाच. पाचवा तसाच. वाल्मीक कुंपणाच्या तारेत बोटं अडकवून खाली बघत राहिला. बावीस वर्षांत तो या शहरातल्या कितीतरी गवतांवरून चालला असेल, डबा खायला बसला असेल. पण त्याच्या डोक्यातलं मैदान मुरमाचंच राहिलं होतं. कुठेही जा, पळसाला पानं तीनच, असं तो समजत होता. इथे पळसच नव्हता.

"उचल!" तो सातव्या बॉलला ओरडला. "समता, उचलून मार!"

तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. आठवा बॉल तिनं उचलून मारायचा प्रयत्न केला आणि बॅट नुसतीच हवेत फिरली. नववाही हुकला. दहावा पुन्हा गवतात मेला. तिनं बॅट व्यवस्थित खाली ठेवली, हेल्मेट काढलं आणि रांगेत जाऊन बसली.

साडेअकराला नावं वाचली. सोळा नावं होती, तिचं नव्हतं. ज्यांची नव्हती त्या मुली रडत होत्या. समता रडली नाही. तिनं बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या.

शालिनी मॅडम कुंपणाबाहेर आल्या तेव्हा बापलेक निघायच्या तयारीत होते. मॅडम चिडलेल्या नव्हत्या. खरोखर कोड्यात पडलेल्या होत्या.

"वीडियो में तो तू ठीक मार रही थी," त्या म्हणाल्या. "बीस दिन देखा है मैंने। फिर आज ये ऊपर से नीचे कहाँ से आया? किसने सिखाया?"

समतानं वाल्मीककडे बघितलं.

वाल्मीकच्या ओठांवर सगळं आलं होतं. मॅडम, मी. मीच शिकवलं. दहा तुमचे, दोनशे माझे. एवढंच बोलायचं होतं. पण आजूबाजूला दहाबारा आईबाप उभे होते, त्यातला एक तर त्याच्याच सोसायटीतला, ज्याला त्यानं आपल्या विद्यापीठाच्या सामन्यांच्या गोष्टी दहादा ऐकवल्या होत्या. त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली.

"मैंने ही, मॅडम," समता म्हणाली. "किसीने नहीं सिखाया। वीडियो के लिए दस ठीक से मारती थी, बस। बाकी मैं अपनी मर्ज़ी से मारती थी।"

"कच्चे खिलाड़ी को मैं पक्का कर लूँ," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "लेकिन जो रोज़ मुझे झूठा वीडियो भेजे, उसे नहीं रखती। सोमवार से मत आना, बेटा।"

आता तरी. आता तरी बोलायला हवं होतं. वाल्मीकनं तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते ऐकून तो स्वतःच हबकला.

"मॅडम, बच्ची है," तो हात जोडून म्हणाला. "ग़लती हो गई उससे। माफ़ कर दीजिए।"

मॅडमनी मान हलवली आणि त्या आत निघून गेल्या. समतानं बॅग खांद्याला लावली. ती त्याच्यापुढे चार पावलं चालत स्टेशनपर्यंत आली.

मेट्रोत गर्दी नव्हती. दोघांना शेजारी जागा मिळाली. तीन स्टेशनं गेली. मग वाल्मीकनं खाली बघत विचारलं, "तू खोटं कशाला बोललीस?"

"मी थांबले होते, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. तुम्ही काही बोलेनात. मॅडम तर उत्तरासाठी उभ्या होत्या."

"मी सांगतो त्यांना. भेटून नीट सांगतो."

"अजून तासभर असतील त्या तिथे. दुसरी बॅच आहे."

गाडी यमुना बँकला आली. दारं उघडली. पलीकडच्या फलाटावर परत जाणारी गाडी उभी होती, तिचीही दारं उघडी होती. समतानं त्या दारांकडे बघितलं, मग त्याच्याकडे. वाल्मीकचे दोन्ही तळवे उठण्यासाठी गुडघ्यांवर टेकले गेले. दहाबारा आईबाप अजून तिथेच असतील, असं त्याच्या मनात आलं. बहुतेक असतीलच.

घंटी वाजून दारं लागली. समतानं पलीकडे तोंड फिरवलं. वाल्मीक तसाच, गुडघ्यांवर हात टेकून, मयूर विहार येईपर्यंत बसून राहिला.